८ सप्टेंबरचं मोंती फेस्त, फ्लॅटमध्ये मुलांसोबत कसं करता?

सावंतवाडीची_लेक: आईचं माहेर मंगळूर, त्यामुळे आमच्याकडे मारियामातेचा जन्मदिवस म्हणजे मोठं फेस्तच. ३० ऑगस्टपासून नऊ दिवस नोव्हेना म्हणजे रोजची प्रार्थना, आम्ही पोरं रोज परडी भरून फुलं न्यायचो, ८ ला चर्चमध्ये भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद, मग घरी ते दाणे सोलून दुधात घालून आजोबा सगळ्यांना चमचा चमचा द्यायचे, तेच नोवें, म्हणजे नव्या भाताचा पहिला घास. जेवण पूर्ण शाकाहारी, एरवी बांगड्याशिवाय घास न गिळणारे काकासुद्धा त्या दिवशी गप्प भाजी खायचे. आता मी रत्नागिरीत तिसऱ्या मजल्यावर, शेत नाही, मुलगा ८ चा, मुलगी ५ ची. गेल्या वर्षी केक आणला तर मुलगी विचारते, "मम्मा, मेणबत्ती कोण विझवणार, मारिया तर फोटोत आहे." पुढे काय सांगावं सुचेना. तुम्ही काय करता?

हळवं_भात: ताई, लोंब्या मिळतील हो. कुणी हळवं, म्हणजे लवकर येणारं भात पेरलं असेल तर ८ तारखेपर्यंत निसवलेलं, लोंब्या बाहेर आलेलं असतं, उशिरा येणारं गरवं मात्र तेव्हा कुठे पोटरीत, ते मागू नका. बाजारात भाजीवाल्या मावशीला आठवडाभर आधी सांगून ठेवा. कोवळा दाणा नखाने दाबला की पांढरं दूध निघतं, हे मुलांना स्वतः करू द्या, आमची तर अर्ध्या लोंब्या तिथेच संपवतात. पुढच्या वर्षी जूनमध्ये गॅलरीत जुन्या बादलीत चिखल करून मूठभर भात टाका, पीक येईल न येईल, पोरं रोज बघायला जातील. आमची आवस म्हणायची, पोरांका कामाक लावा, मगे गोष्टी सांगा.

वसईकर७: आमच्याकडे ८ सप्टेंबर म्हटलं की वांद्र्याची मोत माऊली, म्हणजे माउंट मेरी चर्च, नंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. तिथे नवसाला मेणाचे हात, पाय, घरं, बाहुल्या वाहतात. मी घरी मेणबत्त्यांचे तुकडे वितळवून (हे मोठ्यांनीच करायचं, एकदा हात भाजलाय) कोमट झाल्यावर मुलांना आकार करायला देतो, ज्याला जे मागायचंय ते त्याने बनवायचं. धाकट्याने सायकल बनवली, आता नाही कसं म्हणणार. शाकाहाराचं मात्र मुलांवर फार ओढून आणू नका.

सावंतवाडीची_लेक: @वसईकर७ शाकाहार मुलांना चालतो हो, रुसतो तो नवरा 😄

तेरडा: मी ख्रिश्चन नाही, तरी लिहितेय. २०२४ ला ७ तारखेला गणपती बसले आणि ८ ला शेजारच्या घरी हे फेस्त. त्यांची आणि आमची पोरं एकाच बांधावर तेरडा तोडत होती, आम्हाला गौरीला, त्यांना माऊलीला. शेवटी वाटणीवरून भांडण, मग मीच दोन परड्या सारख्या भरल्या. आम्हीही दारावर लोंब्या बांधतो, पण नव्याच्या पुनवेला.

जुनी_काकी: मेणबत्तीच्या प्रश्नाला उत्तर आहे गो बाय. संतांचा बहुतेक मृत्यूचा दिवस पाळतात, वाढदिवस तिघांचेच, येशू, मारिया आणि सांजांवचा जुवांव, म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान, २४ जूनचा. मारियेचे आईबाप योआकिम आणि आन्ना, ही नावं बायबलमध्ये नाहीत, जुन्या लिखाणातून आलेली. आणि पोरीला सांग, मारिया आन्नाच्या पोटात आली तो सण ८ डिसेंबरचा, तिथून ८ सप्टेंबरपर्यंत बोटांवर मोज, बरोब्बर नऊ महिने. माझी नात दोन दिवस सगळ्यांच्या तारखा मोजत फिरत होती. रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, पूर्ण नको, एकच दहाक, म्हणजे दहा मण्यांचा एक भाग घ्या, बाकीची झोपल्यावर तुम्ही म्हणा.

सावंतवाडीची_लेक: भाजीवाल्या मावशींशी आजच बोलले, म्हणाल्या चार लोंब्या कशाला, मोळीच देते. मुलगी नऊ महिने मोजून आली आणि आता विचारतेय, मम्मा, माझं ८ डिसेंबर कधी.