गायरानावर कचरा प्रकल्प येतोय. छापून यायला रास्ता रोकोच करावा लागतो का?

बांधावरचा_बाभूळ: नगरपरिषदेचा घनकचरा प्रकल्प आमच्या गायरानावर प्रस्तावित आहे. ग्रामसभेत विरोधाचा ठराव झाला, कलेक्टर कचेरीत निवेदनही दिलं. तालुक्याच्या पत्रकाराला फोन केला तर म्हणाला, "निवेदनाचं काय छापू? रास्ता रोको असेल तेव्हा कळवा." पोरं तयारच बसलीत. पण गुन्हे दाखल झाले तर पोलीस भरतीच्या व्हेरिफिकेशनला लटकतील. जाणकारांनी सांगावं.

जुना_वार्ताहर: पत्रकार खरं तेच बोलला. मीही हडपसर भागात वार्ताहर होतो, छापून येईल त्या बातमीचं मानधन. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या, म्हणजे पुण्याच्या कचरा डेपोवर ढिगाने बातम्या दिल्या. विहिरींचं पाणी खराब, गाव टँकरवर, असं पाठवलं की डेस्कवरून फोन: "हे मागच्या वर्षी दिलं होतंस की!" अरे, पाणी मागच्या वर्षीसारखंच आहे, मी काय करू? मग आतल्या पानावर दोन बोटं जागा.

2017 च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी पुण्याच्या गाड्या अडवल्या. तीनेक आठवडे कचरा तुंबला, तेव्हा कुठे पहिलं पान मिळालं. त्यातही फोटो पेठांतल्या ओसंडणाऱ्या कंटेनरचे. धूर फुरसुंगीत, कॅमेरा शहरात. शेवटी मुख्यमंत्र्यांशी बैठक होऊन आंदोलन मागे घेतलं. गावाने काय धडा घेतला असेल, सांगा.

त्याआधी पुण्याचा कचरा कोथरूडला जायचा, हे आता कोणाला आठवत नाही. तिथे वस्ती वाढली आणि कचरा उरुळीकडे गेला. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे.

बाणेरच्या लोकांनी मात्र कचरा प्रकल्पाविरुद्ध हरित लवाद गाठला. 2020 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पण कोर्टाच्या वाटेने पोरांवर गुन्हा व्हायची भीती नाही. अर्थात वकील परवडायला हवा.

तुम्ही आधी मोजणी करा. 2016 च्या नियमांत भरावभूमी, म्हणजे कचरा पुरायची जागा, वस्ती, हायवे, तलाव आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून 200 मीटर लांब हवी होती, नदीपासून 100. 2026 मध्ये नवे नियम आलेत, त्यातलं अंतर बघून घ्या. पत्रकाराला निवेदन देऊ नका, टेप धरलेला फोटो द्या. आकडा असला की डेस्कला बातमी टाळणं जड जातं.

ओला_सुका: मी एका नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात आहे. दादा, ते अंतर भरावभूमीला आहे. खतप्रकल्प वेगळा. तुमच्याकडे नक्की काय येतंय ते टेंडरमध्ये बघा, माहिती अधिकारात मागा. प्रक्रिया करून उरलेला कचरा कुठे टाकणार, हा एकच प्रश्न विचारा. उत्तर "तिथेच" असेल तर तो डेपोच, पाटीवर काहीही लिहू देत. आणि विरोध करताना सफाई कामगारांना शिव्या घालू नका. गाडीवरचा माणूस रोजंदारीवर असतो.

जुना_वार्ताहर: बरोबर, तो फरक मी लिहायला हवा होता. जवळपास पाणीपुरवठ्याची विहीर आहे का?

बांधावरचा_बाभूळ: आहे ना, ओढ्याच्या अलीकडे, नळयोजनेची. प्रस्तावाच्या नकाशात दाखवलेलीच नाही! पत्रकाराला आत्ताच लोकेशन टाकलं. म्हणतो, सकाळी येतो, सरपंचांना थांबवून ठेवा. आता पोरांना तेवढं आवरतो. टेंडरचा अर्ज कोणाच्या नावे करायचा, मुख्याधिकाऱ्यांच्या की जन माहिती अधिकाऱ्यांच्या?

ओला_सुका: जन माहिती अधिकारी. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्यायला विसरू नका.