जुन्या स्पीडबोटीचे मीटर आणि सेंडर बदलायचे आहेत, जाणकारांनी सांगावं

कुंडलिकाकाठ
नमस्कार. रेवदंड्याला माझी २१ फुटी फायबरची स्पीडबोट आहे, २००१ सालची, अमेरिकन बनावटीची. इंजिन मर्क्रूझर ४.३, कार्ब्युरेटरवालं. पावसाळ्यासाठी बोट वर काढून शाकारली आहे, नारळी पुनवेपर्यंत डॅशबोर्डचं काम उरकायचं आहे. मीटरच्या काचा आतून धुरकटल्यात, ऑईल प्रेशरचा काटा जागचा हलत नाही.

गेल्या हंगामात फक्त पेट्रोलचा मीटर बदलला होता. मुंबईतल्या एका दुकानातून नवा आणला. बसवला तेव्हा टाकी अर्धी होती आणि काटाही अर्ध्यावर आला, म्हणून मी निश्चिंत झालो. दोन दिवसांनी कोर्लईच्या बाहेर इंजिन बंद पडलं. काटा जवळजवळ फुलवर, टाकी कोरडी. बोटीत माझी दोन मुलं होती. एका मच्छीमार होडीने दोर टाकून खाडीत ओढून आणलं.

आता सगळाच सेट बदलावा का? सेंडरसकट, म्हणजे टाकीत आणि इंजिनवर बसून मीटरला आकडा पाठवणाऱ्या भागांसकट? की डिजिटलवर जावं? खर्चापेक्षा भरवशाचं काय ते सांगा.

डोलकाठी
दादा, मुलांना घेऊन सुखरूप परतलात, बरं झालं. तो मीटर खराब नव्हता, त्याची आणि सेंडरची जोडी जुळत नव्हती.

अमेरिकन सेंडर टाकी रिकामी असताना साधारण २४० ओहम (विजेला होणारा अडथळा) दाखवतो, भरलेली असताना ३३. युरोपियन पद्धत उलटी आहे, रिकामी १० आणि भरलेली १८०. तुमच्या टाकीत अमेरिकन सेंडर असणार आणि दुकानातून आला युरोपियन मीटर. पेट्रोल संपत गेलं तसे ओहम वाढले आणि काटा वर चढत गेला. अर्ध्या टाकीला अमेरिकन सेंडर १०३ ओहमच्या आसपास असतो आणि तेवढ्यावर युरोपियन काटाही मध्याजवळच येतो. त्यामुळे तुम्ही तपासलंत तेव्हा सगळं बरोबर दिसलं. नवा मीटर अर्ध्या टाकीवर तपासून कधीच सोडू नका.

हातातला मीटर कुठल्या जातीचा, हे ओळखता येतं. इग्निशन ऑन करून मीटरमागच्या 'एस' (सेंडरच्या) टर्मिनलची वायर काढा. काटा रिकाम्यावर गेला तर अमेरिकन, फुलपार गेला तर युरोपियन. हे मीटरपाशीच करा, टाकीजवळ ठिणगी नको.

ऑईल प्रेशरलाही हाच घोळ होतो आणि तो जास्त घातक. अमेरिकन सेंडर शून्य प्रेशरला २४० असतो, युरोपियन १०. जोडी चुकली तर ऑईल गेलेलं असतानाही काटा फुल दाखवेल. तापमानाचे दोन्ही प्रकार गरम होताना ओहम कमीच करतात, त्यामुळे काटा हलतो नीट, पण आकडा खोटा असतो.

म्हणून सेंडरसकट पूर्ण सेट एकाच पद्धतीचा घ्या. तुमच्या बोटीला अमेरिकन.

इंजिनरूम
डोलकाठींशी सहमत. मी बोटींच्या वायरिंगचंच काम करते, त्यामुळे थोडी भर घालते.

मूळ वायरिंग शाबूत असेल तर कापू नका, रंग वाचा. जांभळी इग्निशनची, काळी अर्थ, गुलाबी पेट्रोल, फिकट तपकिरी तापमान, फिकट निळी ऑईल प्रेशर, करडी टॅकोची (इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर), गडद निळी दिव्यांची. टॅकोमागे सिलिंडरचा सिलेक्टर असतो, तो ६ वर ठेवा, नाहीतर आरपीएम चुकीचे दिसतील. जुन्या डॅशवर अँमीटर असेल तर तो काढून व्होल्टमीटर लावा, कारण अँमीटरमधून चार्जिंगचा सगळा करंट डॅशपर्यंत फिरतो. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक.

ऑर्डर देण्याआधी भोकं मोजा. लहान मीटरचं बहुधा ५२ मिमी, टॅकोचं ८५ मिमी.

इंजिनवर तापमानाच्या दोन वस्तू असू शकतात, मीटरचा सेंडर आणि अलार्मचा स्विच. त्यांची अदलाबदल करू नका. एका टर्मिनलचा सेंडर आपल्या आट्यांमधूनच अर्थ घेतो, तेव्हा त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, लिक्विड सीलंट जेमतेम लावा.

डिजिटलचं म्हणाल तर या इंजिनला कन्व्हर्टर लावावा लागेल आणि सेंडर तेच जुन्या पद्धतीचे राहतील. मी या बोटीवर नाही लावणार.

मांडवा_जेट्टी
टाकीचा सेंडर उघडताना जिवाची काळजी घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी) साचते. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, हॅच उघडी ठेवून वारा खेळू द्या, वायरचा दिवा आत नेऊ नका.

बहुतेक सेंडरना पाच बोल्ट असतात आणि भोकांची अंतरं असमान असतात, म्हणून तो एकाच दिशेने बसतो. बसत नसेल तर फिरवून पाहा, भोक वाढवू नका. टाकीची खोली मोजूनच लांबी ठरवा, सेंडर तळाला टेकता कामा नये. जुनं कॉर्कचं गॅस्केट परत वापरू नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याला चालेल असंच घ्या. नवा सेंडर बसवण्याआधी फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) वर-खाली करून ओहम मोजा. वर ३३, खाली २४० आले तरच टाकीत घाला.

कुंडलिकाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल मोजलं. टाकी जवळपास रिकामी, सेंडर २२६ ओहम, म्हणजे अमेरिकनच. पण सेंडरची काळी वायर ते बॅटरीची निगेटिव्ह यामध्येही १४ ओहम येतात. हे चालतं का?

इंजिनरूम
नाही चालत. तिथे शून्याच्या जवळ यायला हवं. ते १४ ओहम सेंडरच्या आकड्यात मिसळतात आणि भरलेली टाकीही काटा कमी दाखवतो. लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) हिरवा पडला असेल. टिन्ड कॉपरची नवी वायर ओढा, क्रिंप करून वर गोंदवाली हीट-श्रिंक चढवा.

कुंडलिकाकाठ
लग हिरवाच होता, हातात तुटून आला. नवी वायर टाकली, आता ०.२ ओहम. सेट आणि सेंडर बसले, ऑईलचा काटा इंजिन चालू केल्याबरोबर उठतो. मग टाकी १०-१० लिटरने भरत काटा कुठे येतो ते कागदावर उतरवत गेलो. १२० लिटरची टाकी खाली निमुळती आहे, त्यामुळे काटा अर्ध्यावर येतो तेव्हा आत ६० नाही, जेमतेम ४५ लिटर असतं. तो कागद लॅमिनेट करून स्टिअरिंगशेजारी लावला आहे.