२९९ चा आकडा आणि हवेचा हिशेब

"२००१ च्या सुमारास सगळ्या वेगवान मोटरसायकली ताशी २९९ किलोमीटरवर अडकल्या, म्हणजे कंपन्यांनी प्रगतीच थांबवली" असे एक मत मांडले जाते, ते मला अर्धेच पटते. १९९९ च्या सुझुकी हायाबुसा या मोटरसायकलने ३०० ओलांडल्यावर युरोपात सरकारी बंधने येतील या धास्तीने कंपन्यांनी ही मर्यादा आपणहून स्वीकारली, हे खरे. पहिल्या हायाबुसाच्या स्पीडोमीटरवर ३०० च्या बरेच पुढचे आकडे छापलेले असत, ते नंतर गेले. मात्र या मतात हवेचा हिशेब मांडलेलाच नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या, त्यामुळे ३०० वरून ४०० गाठायचे तर त्याच घडणीच्या गाडीला सुमारे २.४ पट शक्ती हवी. २०१६ मध्ये मोटरसायकल शर्यतपटू केनान सोफुओग्लूने तुर्कस्तानातल्या उस्मान गाझी पुलावर ४०० गाठले, ते सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) असलेल्या, तीनशेहून अधिक अश्वशक्तीच्या कावासाकी एच२आरवर, आणि ती गाडी मुळात शर्यतीच्या ट्रॅकपुरतीच विकली जाते.

रस्त्यावरच्या गाड्यांत मेहनत दुसरीकडे वळली, आणि माझ्या मते ते योग्यच झाले: २०२१ च्या हायाबुसाची शक्ती १९७ वरून १९० अश्वशक्तीवर उतरली, पण ट्रॅक्शन कंट्रोल (मागचे चाक घसरू न देणारी यंत्रणा) आणि वळणातही काम करणारे एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) आले.