शोभायात्रेतले कॅमेरे : दोरीच्या आत की बाहेर?

ठाकूरद्वारी
पाडवा उलटला, सगळ्यांचे फोटो टाकून झाले, आता भांडायला हरकत नाही. माझं म्हणणं एवढंच, की गिरगावच्या शोभायात्रेत कॅमेरेवाल्यांना ढोल-ताशा पथकाभोवती धरलेल्या दोरीच्या आत सोडू नये. रस्ता मुळात अरुंद. त्यात पथकापुढे कॅमेरेवाल्यांचा घोळका उलटा चालत असतो. बुलेटवरच्या बायकांना "ताई, गॉगल लावून परत एकदा" म्हणत अडवतात, की मागचं सगळं खोळंबलंच. आणि एवढं करून हाती काय लागतं? नथ, फेटा, नऊवारी, बुलेट. दरवर्षी तेच. लेझीम खेळणारी शाळेची पोरं आणि रात्रभर जागून चित्ररथ उभा करणारे कार्यकर्ते कुणाच्या फोटोत दिसलेत का?

अर्धी_सावली
साफ असहमत. दोरीबाहेरून लांबची लेन्स लावली तर पुढच्यांची डोकी आणि वर केलेले मोबाईल मिळतात, यात्रा मिळत नाही. गिरगावात रुंद लेन्स घेऊन जवळच जावं लागतं. वेळही थोडाच असतो. सकाळी ऊन तिरपं असतं तोवर चाळींच्या सावलीतून माणूस उजेडात येतो आणि चेहरा उजळतो. ऊन डोक्यावर चढलं की डोळ्यांखाली काळे खड्डे, वर फेट्याची सावली. ढोलावरचा टोल हलताना दिसायला हवा तर शटर १/६० सेकंदाच्या आसपास आणावं लागतं आणि चेहरा मात्र स्थिर पकडावा लागतो. हे फुटपाथवरून धक्के खात कसं करायचं?
बुलेटचं म्हणाल तर पेपरात जागा एकाच फोटोला असते. तो पाडव्याचा आहे हे एका नजरेत कळावं लागतं. लेझीमचा फोटो पंधरा ऑगस्टचाही वाटू शकतो.

ताशावाली
मी पथकात वाजवते, म्हणून आतल्या बाजूने सांगते. ध्वज नाचवणाऱ्याची नजर वर असते. त्याच्या पायाशी कुणी "लो अँगल" घ्यायला आडवा झाला तर त्याला दिसत नाही. काठी लागली की बोंब पथकाच्या नावाने.
दुसरं, फोटो आम्हालाही हवे असतात, नटूनथटून येतो ते काय उगाच? पण वाजवताना घामाने साडी सरकलेली असते, नेमक्या त्या क्षणी कमरेवर झूम करून रील बनवायचं, खाली बदाम टाकायचे, याला फोटोग्राफी म्हणू नका. रस्त्यावर आले म्हणजे वाट्टेल तसं दाखवायला परवानगी दिली असं होत नाही.

अर्धी_सावली
@ताशावाली, रीलवाल्यांचं पाप आमच्या माथी का?

ताशावाली
कारण दोरीच्या आत आल्यावर दोघं सारखेच दिसता.

फडके_रोड
मुळात ही यात्रा सुरू झाली डोंबिवलीत, १९९९ साली, गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने. गिरगावकर नंतर बुलेट घेऊन आले. (घ्या, पेटवली काडी.) आज गावोगावी यात्रा निघतात त्यात फोटोंचा वाटा आहे असं माझं मत. २०२० आणि २०२१ला करोनामुळे यात्राच नव्हत्या, तेव्हा जुने फोटोच बघत बसलो होतो ना? नियम लावत सुटलात तर हौशी माणूस येणार नाही, आणि लेझीमच्या पोरांचे फोटो काढतो तो हौशीच.

ठाकूरद्वारी
आधी कुणाची हा विषय नाही हो. पण शेवटचा मुद्दा मान्य. तो हौशी बिचारा फुटपाथवरच असतो, दोरीत घुसत नाही. मोठ्या कॅमेऱ्यांसाठी पहिल्या मजल्यावरच्या गॅलऱ्या ठरवून द्याव्यात. वरून गर्दी, रांगोळ्या, भगवे फेटे, सगळं छान येतं.

मधली_आळी
गॅलरी कुणाची? आमची! आधीच नणंदा, भाचे, त्यांचे मित्र उभे असतात. वर तुमचे कॅमेरेवाले. चहा कोण करणार?

फडके_रोड
मधली_आळी +१००. वरून नुसते फेटेच दिसतात, माणूस दिसत नाही.

कार्यकर्ता_क्र७
बिल्ले देऊन पाहिले आहेत. ज्याला मिळत नाही तो आयोजकांपैकी कुणाचा तरी मेहुणा निघतो. मोबाईलवाल्यांना बिल्ला विचारायचा कसा, तेही कळत नाही. माझ्यापुरतं, वादन चालू असताना दोरीच्या आत कुणीच नको. पथक थांबलं की या, हवे तेवढे काढा.

अर्धी_सावली
थांबलेल्या पथकाचा फोटो म्हणजे लग्नातला ग्रुप फोटो. तरी जे अडवून पोझ घेतात त्यांना हाकला, त्यात मी तुमच्या बाजूने आहे. दोरी धरणाऱ्या मुलांनीच हात धरून बाहेर काढावं.

ताशावाली
दोरी धरणारं पोरगं सोळा वर्षांचं असतं. तुमच्या गळ्यातली लाखाची लेन्स बघून तेच बाजूला होतं.