ट्रम्पेट आणि आल्टो सॅक्सोफोनची जोडी

एक विद्यार्थी ट्रम्पेट शिकतोय, दुसरा आल्टो सॅक्सोफोन; दोघांना सुरांच्या एकाच लिहिलेल्या कागदावरून वाजवायला देता येईल का, असा प्रश्न आहे. नाही येणार. ट्रम्पेट बी फ्लॅटचा, आल्टो ई फ्लॅटचा, म्हणजे कागदावरचा सी सूर वाजवला की ट्रम्पेटमधून बी फ्लॅट निघतो आणि आल्टोमधून ई फ्लॅट. पियानोवरचा बी फ्लॅट ऐकू यायला हवा असेल तर ट्रम्पेटला सी लिहायचा आणि आल्टोला जी. नेहमीचं क्लॅरिनेट मात्र बी फ्लॅटचंच, त्यामुळे ते ट्रम्पेटच्या कागदावर चालतं.

पण क्लॅरिनेट घेतलंत तर एक जागा सांभाळा. कागदावरच्या मधल्या बी फ्लॅटवरून शेजारच्या बी वर जाताना जवळजवळ सगळी बोटं एकदम झाकावी लागतात आणि नवख्याचा सूर तिथेच फुटतो. सुरुवातीला अख्खी चाल त्या जागेच्या खालीच ठेवावी. ट्रम्पेटवाल्याचे ओठ लवकर थकतात. त्याला मधेमधे विश्रांती द्या आणि तेवढ्यात मुख्य चाल जोडीदाराकडे सोपवा. एकाने गाणं वाजवायचं आणि दुसऱ्याने फक्त लांब सूर धरून बसायचं, हे मला मुलांवर अन्यायाचं वाटतं.

जोडीला तालवाद्य शिकणारं मूल असेल तर त्यालाही चाल द्या, ग्लॉकेनस्पीलवर, म्हणजे धातूच्या पट्ट्या काठीने वाजवायच्या त्या वाद्यावर. फक्त ते लिहिल्यापेक्षा दोन सप्तकं वर वाजतं, म्हणून खालचा आधार त्याच्याकडे नको.