एशियन सुपरमार्केटमध्ये तुम्हाला आपलं काय काय सापडलं?

न्यू जर्सीत येऊन मला चौदा वर्षं झाली आणि त्यातली पहिली पाच वर्षं मी वाकटी, जवळा, कालवं यांच्याशिवाय काढली, कारण माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की जे इंडियन ग्रोसरीत नाही ते अमेरिकेत नाहीच. घरापासून दहा मिनिटांवर कोरियन सुपरमार्केट होतं, एच मार्ट, रोज ऑफिसला जाताना दिसायचं, पण आत कधी पाय टाकला नव्हता.

मग आई आली अलिबागहून. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, मला ताजी मासळी दाखव, फ्रीझरमधली नको. म्हणून तिला तिथे घेऊन गेले. आत शिरताच तिने भाज्यांकडे बघितलंही नाही, वासावरून सरळ मासळीच्या काउंटरला. बर्फावर बांगडे रचलेले होते, बाजूला चिमटा ठेवलेला. आईने प्लास्टिकची पिशवी हातात चढवली, एका बांगड्याचा कल्ला उचलून आत लाल आहे का ते बघितलं, मग पाठ दाबली, खड्डा लगेच भरून येतो का बघितलं आणि तो खाली ठेवला. दुसरा उचलला, तोही ठेवला. पलीकडे मासे कापणाऱ्या कोरियन बाई होत्या, आईच्याच वयाच्या असतील, त्या हे सगळं शांतपणे बघत होत्या. त्या आत गेल्या, दुसरा ट्रे आणला आणि त्यातला एक बांगडा आईसमोर धरून स्वतःच कल्ला उघडून दाखवला. आई म्हणाली, "हा बघ, हा आजचा." मराठीत. त्या कोरियनमध्ये काहीतरी म्हणाल्या आणि सहा बांगडे तोलून दिले.

त्या दिवशी आईने मला ते दुकान नीट दाखवलं असंच म्हणेन. लांब चंदेरी पट्ट्यासारखा मासा, पाटीवर बेल्ट फिश लिहिलेलं, कोरियनमध्ये गाल्ची, तीच आपली वाकटी. कागदासारखा पातळ सुकवलेला बारीक कोळंबीचा पुडा म्हणजे जवळा, कांद्यावर परतून कोकम टाकलं की ओळख पटते. आणि सोललेली कालवं चक्क बरणीत! आई बरणी हातात धरून उभीच राहिली, कारण आमच्याकडे कालवं म्हणजे ओहोटीला खडकांवर बसून कोयत्याने एकेक फोडायची, निम्मा दिवस त्यात जातो, हाताला कापतं ते वेगळंच.

नंतर कळलं की हे दुकान १९८२ साली न्यूयॉर्कच्या वुडसाइडमध्ये सुरू झालं आणि एच म्हणजे 'हान आह रुम', कवेत मावेल एवढा बाजार. किती सुंदर नाव आहे. तर मला तुमच्याकडून ऐकायचंय, इंडियन ग्रोसरीत डाळी, मसाले, पापड सगळं मिळतं, पण गावाकडचं, परसातलं, खाडीतलं असं जे आपलं होतं ते तुम्हाला कुठल्या चिनी, व्हिएतनामी, कोरियन, बर्मी दुकानात सापडलं? सविस्तर लिहा, नावांसकट, म्हणजे बाकीच्यांना शोधता येईल.

*

इंडियानापोलिस

ताई, तुम्ही बर्मी म्हणालात म्हणून लिहायला बसलो. मी यवतमाळचा. आमच्या घरी अंबाडीची भाजी म्हणजे आठवड्यातून एकदा ठरलेली, तुरीची डाळ आणि कण्या घालून घोटलेली, वरून लसूण आणि लाल मिरचीची तेलात कडक फोडणी, सोबत ज्वारीची भाकर, कच्चा कांदा. इथल्या इंडियन दुकानात बरणीतला गोंगुरा मिळतो पण ते लोणचं झालं, भाजी नाही.

आमच्या शहराच्या दक्षिण भागात बर्मी लोकांची मोठी वस्ती आहे, बहुतेक चिन समाजाचे (चीनचे नव्हेत, म्यानमारमधलाच एक समाज), निर्वासित म्हणून आलेले. त्यांची छोटी छोटी दुकानं आहेत. एकदा जुलै महिन्यात गाडीचं काम करायला त्या भागात गेलो होतो, दोन तास वेळ होता म्हणून शेजारच्या दुकानात शिरलो, तर दारातच क्रेटमध्ये जुड्या, लाल देठ, पंज्यासारखं पान. मी एक पान तोडून तोंडात टाकलं, विचारलंही नाही, आणि ती आंबट चव आल्यावर खरंच डोळ्यात पाणी आलं. काउंटरवरचा पोरगा बघतच राहिला. त्याला म्हटलं हे आमच्या गावचं आहे. तो म्हणाला हे आमच्या गावचं आहे! त्यांच्यात याला चिन बाँग म्हणतात, बांबूचे कोंब आणि सुकी कोळंबी घालून परततात. त्याची आई घरामागे लावते आणि उन्हाळ्यात दुकानात आणून ठेवते.

आता जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी जातो. जास्तीची आणतो, पानं उकळत्या पाण्यातून काढतो, पिळतो आणि गोळे करून फ्रीझरमध्ये टाकतो, मार्चपर्यंत पुरतात. बायको कोल्हापूरची, तिने लग्नानंतर पहिल्यांदा खाल्ली, आता तीच आठवण करते. मागच्या वर्षी त्या मावशींनी मला बी दिलं कागदात बांधून. डेकवर कुंड्यांत लावलं, कमरेइतकी झाली.

*

ह्यूस्टन

मोदकांच्या पिठाबद्दल लिहिते कारण माझ्यासारखं कुणाचं होऊ नये. इथे बेलेअर बुलेव्हार्डवर मैलोन्‌मैल व्हिएतनामी आणि चिनी दुकानं आहेत. थायलंडचं तांदळाचं पीठ इतकं बारीक आणि पांढरं असतं की उकडीला त्याच्यासारखं पीठ नाही. तीन सोंडांच्या हत्तीचं चित्र असलेली पिशवी. पण हत्ती सगळ्यांवर तोच, अक्षरांचा रंग वेगळा. लाल अक्षरं म्हणजे साधं तांदळाचं, हिरवी म्हणजे चिकट तांदळाचं. मी पहिल्या वर्षी हिरवी आणली. गणपतीच्या सकाळी, घरी एकवीस माणसं जेवायला, उकड काढली तर ती हाताला सोडेना, तूप लावून कशाबशा पाऱ्या केल्या, मोदक वळले, पंधरा मिनिटांनी झाकण काढलं तर सगळे मोदक बसून एकमेकांत मिसळलेले, एकही उभा नाही. मी स्वयंपाकघरात बसून रडले. नैवेद्याला शेवटी शिरा केला.

नंतर दुकानात जाऊन गल्ल्यावरच्या व्हिएतनामी काकूंना विचारलं, त्यांनी मला हाताला धरून त्या रांगेत नेलं आणि लाल पिशवी हातात दिली. आता लालच वापरते आणि वाटीभर पिठाला हिरव्यातलं एक चमचा घालते, त्याने कळ्या छान निघतात, पारी फाटत नाही. फ्रीझरमध्ये केळीची पानंही असतात, घडी घातलेली. ती गार असताना उलगडू नका, फाटतात, आधी बाहेर काढून ठेवा आणि मग विस्तवावरून हलकेच फिरवा, पान चकचकीत हिरवं होतं आणि कसंही वळतं. पानगी करा त्यात, मोदकपात्राला लावा.

*

लंडन

आमच्याकडे एशियन म्हटलं की आपणच, भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, त्यामुळे तुमचं वाचून आधी जरा गोंधळले :) चिनी दुकानाला इथे चायनीज सुपरमार्केट म्हणतात. पण माझा अनुभव व्हाइटचॅपलच्या बांगलादेशी दुकानांचा आहे. मालवणी माणसाने तिथे एकदा तरी जावंच. मला सुके बोंबील हवे होते, मी बॉम्बे डक म्हणून विचारत होते, दुकानदाराला कळेना, शेवटी फोनवर फोटो दाखवला तर म्हणाला, अरे लोइट्टा! लोइट्टा शुटकी! शुटकी म्हणजे सुकी मासळी, भिंतभर टांगलेली, वास नाक्यावरून येतो आणि तो वास मला फार प्रिय आहे. केळफूल तिथे मोचा नावाने मिळतं. सोलताना हाताला तेल लावायचं विसरू नका, आणि प्रत्येक फुलातला कडक दांडा आणि ती पारदर्शक पाकळी काढायचीच, नाहीतर भाजी कडू.

*

बर्लिन

लिश्टेनबर्गमध्ये डोंग शुआन सेंटर आहे, हानोईतल्या बाजाराचंच नाव. मोठमोठ्या शेड, आत कपडे, नेलपॉलिश, भांडी आणि मधेच किराणा. पूर्व जर्मनीच्या काळात व्हिएतनाममधून कंत्राटी कामगार आले होते, १९८० मध्ये दोन देशांत करार झाला होता, भिंत पडल्यावर त्यातले बरेच इथेच राहिले, आता त्यांची मुलं-नातवंडं दुकानं चालवतात. मी पीएचडीला आलो तेव्हा महिन्यातून एकदा ट्रामने जायचो. लाल माठ मिळायचा, त्यांच्यात राउ झेन म्हणतात. लसूण मिरची टाकून परतायची, भातात कालवली की भात गुलाबी होतो, लहानपणी त्यासाठीच खायचो.

त्या भाजीवाल्या आजी आणि मी, दोघांचंही जर्मन तुटकं. पण तेवढ्यात आमचं सगळं व्हायचं. त्या विचारायच्या, आई कशी आहे. मी विचारायचो, गुडघा कसा आहे. लॉकडाऊननंतर गेलो तेव्हा त्या दिसल्या नाहीत, घाबरत विचारलं, तर नातीने फोन लावून दिला, त्या घरी होत्या, ठणठणीत. फोनवर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, माठ घेतलास का.

*

कॅलिफोर्निया, बे एरिया

शाकाहारी लोकांसाठी थोडं. मीही जाते दर शनिवारी, पण लेबल पूर्ण वाचल्याशिवाय काहीही टोपलीत टाकत नाही. किमचीत बऱ्याचदा खारवलेली कोळंबी किंवा फिश सॉस असतो. एकदा एका दुकानात व्हेजिटेबल लिहिलेले डंपलिंग घेतले, घरी येऊन खाल्ल्यावर मागे बारीक अक्षरात ऑयस्टर सॉस दिसला, मला फार वाईट वाटलं, आणि दुकानात सांगितलं तर त्यांना त्यात काही विशेष वाटलंच नाही. तेव्हापासून फोनवर भाषांतराचं ॲप उघडूनच रांगेत फिरते.

दुसरं, साबुदाणा. तिकडे टॅपिओका पर्ल्स मिळतात, दिसायला डिट्टो साबुदाणा, मी महाशिवरात्रीला रात्रभर भिजवले, सकाळी भांड्यात नुसती खळ. ते भिजवायचे नसतातच, सरळ उकळत्या पाण्यात टाकायचे असतात. खीर उत्तम होते, खिचडी नाही. खिचडीचा साबुदाणा इंडियन दुकानातूनच आणा.

भाज्यांची नावं एकदा शिकून घ्या बस, ओपो म्हणजे दुधी, चायनीज ओक्रा म्हणजे दोडका, भेंडी नव्हे, विंटर मेलन कोहळा, लाँग बीन्स चवळीच्या शेंगा, मालुंगाय म्हणजे शेवग्याचा पाला. आणि पांदानची पानं फ्रीझरमध्ये दिसली तर घ्या, कोकणात आंबेमोहोराचं पान म्हणून भातात टाकतात तेच. साध्या तांदळाच्या भाताला एक गाठ मारून टाकलं की घरभर वास.

*

टोकियो

आमच्याकडे शिन-ओकुबोला एक गल्ली आहे, नेपाळी, बांगलादेशी दुकानं, हलाल मटण, मसाले, सगळं. पण मी तर साध्या जपानी सुपरमार्केटचं नाव घेईन. सातोइमो म्हणजे आपल्या अळकुड्या, चिंच गूळ घालून रस्सा करते. गोया म्हणजे कारलं, ओकिनावाचं. आणि रात्री आठच्या सुमाराला मासळीवर हानगाकु, म्हणजे अर्ध्या किमतीचे स्टिकर लावतात, मी ऑफिसमधून उतरून त्याच वेळेला जाते, सावारा मिळाला तर सुरमईसारखा रवा लावून तळते. कोकम मात्र भारतातूनच, दरवेळी बॅगेत अर्धा किलो.

*

न्यू जर्सी

मीच परत. इंडियानापोलिसच्या दादांचं वाचून आईला फोन करून वाचून दाखवलं, ती म्हणाली त्यांना सांग बी थोडं ठेवून दे म्हणावं पुढच्या वर्षाला.

दोघांनी निरोप पाठवून कालवांचं विचारलंय. बरणीतली घ्याल तर तारीख बघा आणि पाणी गढूळ नाही ना तेही बघा. कालवं जास्त धुऊ नका, एकदाच हलक्या हाताने, कवचाचा एखादा तुकडा राहिलेला असतो तो बोटाने चाचपून काढा. कांदा, आलं-लसूण, आमचा घरचा मसाला, कोकम, थोडं ओलं खोबरं, आणि कालवं अगदी शेवटी, त्यांच्या अंगच्याच पाण्यात पाच-सात मिनिटं. मीठ चाखूनच घाला, समुद्राचं मीठ त्यांच्यात असतंच.

*

शिकागो

मला घोळीची भाजी हवी आहे, ती कुठे मिळाली का कुणाला? सगळी चिनी दुकानं फिरले. इथल्या डेव्हन अव्हेन्यूवर पटेल ब्रदर्स १९७४ पासून आहे, तिथेही विचारलं.

*

ह्यूस्टन

ताई, घोळ मेक्सिकन दुकानात बघा. वेरदोलागास म्हणून विचारा, उन्हाळ्यात असते. तिकडे ती डुकराच्या मांसात घालतात पण जुडी तीच, जाड देठांची, आंबूस. आमच्याकडे डॉलर दीड डॉलरला मिळते. ताकातली करणार असाल तर देठही घ्या, कोवळे असतात.