मदत हवी आहे: न्यू जर्सी १९१०, विल्सन आणि पार्टीचे बॉस

मंडळी, एका लेखासाठी न्यू जर्सीची १९१० ची गव्हर्नर निवडणूक वाचतोय आणि एका ठिकाणी गाडी अडलीय. वुड्रो विल्सन तेव्हा प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीचा अध्यक्ष, राजकारणात अगदीच कोरी पाटी, त्याला डेमोक्रॅट तिकीट मिळवून दिलं ते नेवार्कच्या जेम्स स्मिथ ज्युनियरने, म्हणजे पार्टीच्या बॉसनेच, हिशोब सरळ होता की प्रोफेसर माणूस आहे, आपल्या मुठीत राहील. आणि हा पठ्ठ्या प्रचारात जॉर्ज रेकॉर्ड नावाच्या रिपब्लिकन सुधारकाच्या जाहीर पत्राला उत्तर देताना लिहून देतो की हो, बॉसगिरी आहे आणि ती मोडणार! रिपब्लिकन व्हिव्हियन लुईसला आरामात हरवलं.

खरी मजा नंतर. अमेरिकी सिनेटवर जाणारा सिनेटर तेव्हा राज्याचं विधिमंडळ निवडायचं, स्मिथला ती सीट हवी होती, पण प्रायमरी (पार्टीचा उमेदवार ठरवायचं मतदान) जिंकलेला जेम्स मार्टिन, आणि विल्सन त्याच्या मागे उभा राहिला. १९११ मध्ये मार्टिनच निवडून आला.

आता प्रश्न. ती प्रायमरी बंधनकारक नव्हती, मग आमदारांनी स्मिथला सोडलं का? विल्सनच्या सभांमुळे, की हडसन आणि एसेक्स काउंटीतल्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांतल्या) पार्टीच्या गटांची आपसातली भांडणं जास्त कामाला आली? मला दुसरं पटतं, विल्सनला जरा जास्तच क्रेडिट मिळतं असं वाटतं. शिवाय काउंटीनुसार मतांचे आकडे आणि तेव्हाचे स्थानिक पेपर फुकटात कुठे बघायला मिळतील? कोणी तिकडे राहणारं असेल तर लायब्ररीचं पण सांगा प्लीज.